विहीर सामाईक, चालू

बारावीत मी रसायनशास्त्रात नापास झाले आणि त्या वर्षी आमच्या घराचे दोन भाग पडले. आई आणि धाकटा भाऊ यवतमाळला भाड्याच्या खोल्यांत राहिले, कारण भावाची शाळा चांगली होती आणि भाऊ हुशार होता. मला बाबांच्या नोकरीच्या गावी धाडलं. आईने ते फार जड मनाने वगैरे केलं नाही. पिशवीत माझे कपडे कोंबता कोंबता ती म्हणाली, "तुले आता मार्चपर्यंत घरीच बसाचं हाय न? मग बाबापाशी बस. त्यायच्या भाकरीचं तरी होईन." नापास झालेली पोरगी ही घरातली अशी वस्तू असते, जी कुठेही ठेवली तरी चालते. मी चुलीपाशी ठेवली गेले. राग आला होता, पण तो काढणार कुणावर, तर रसायनशास्त्रावर. ते पुस्तक मी मुद्दाम यवतमाळला विसरून गेले आणि पंधरा दिवसांनी मुकाट्याने मागवून घेतलं.

बाबा तलाठी होते. कागदावर तलाठी, लोकांच्या तोंडी पटवारी. गाव घाटंजी तालुक्यातलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांतली काही माणसं अजून तिथे आहेत आणि त्यांची नातवंडं वाचणारी आहेत. ग्रामपंचायतीच्या मागे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत टेबल, लोखंडी कपाट आणि लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. मागच्या खोलीत चूल, दोन गाद्या आणि मी. पुढच्या खोलीत दिवसभर माणसं असायची. सातबारा पाहिजे, फेरफार पाहिजे, दाखला पाहिजे. मागच्या खोलीत कुणी येत नसे. बौद्धपुऱ्यातले आमचेच लोक बाबांना 'साहेब' म्हणून चार हात लांब ठेवत. बाकीचं गाव बाबांना 'या साहेब, बसा साहेब' करी, पण आमच्या घरचा चहा समोर आला की कुणाला तरी हटकून घाई असायची. मी सतरा-अठरा वर्षांची होते आणि कपात तसाच राहिलेला चहा मोरीत ओतणं हे माझं रोजचं काम होतं. एकटेपणाचं म्हणाल तर माझी त्याच्याशी पहिली नीट ओळख त्या मोरीपाशी झाली.

दुपारी गाव वावरात गेलं की आवाज मोजके उरायचे. पिठाच्या चक्कीचा पट्टा थोडा वेळ फडफडायचा आणि थांबायचा. दोन वेळची एस.टी. यायची. आणि दूरवर कुणाच्या तरी विहिरीवर डिझेल इंजिन चालू असायचं. पुस्तक समोर उघडं ठेवून मी इंजिनं ओळखायला शिकले. एक पूर्वेकडचं, धापा टाकणारं. एक नाल्यापलीकडचं, मधूनच अडखळणारं. त्या वयात मुलींना मैत्रिणी असतात, मला इंजिनं होती. हसू येतं आता, पण तेव्हा नव्हतं आलं.

भाकरी मला येत नव्हती. कडा फाटायच्या, मध्ये कच्ची राहायची. बाबा तुरीच्या वरणात कुस्करून खायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते मुळातच कमी बोलत. एका विषयावर मात्र त्यांची जीभ सैल सुटायची, तो म्हणजे पीकपाहणी. वर्षातून दोनदा, खरिपात आणि रब्बीत, तलाठ्याने प्रत्येक वावरात जाऊन पाहायचं असतं: कोणतं पीक आहे, किती जागेत आहे, पाण्याखालचं आहे की कोरडवाहू, पाणी असेल तर ते विहिरीचं की नाल्याचं. ते गावाच्या नोंदवहीत लिहायचं. गावाची बेरीज मंडळाकडे, मंडळाची तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला, तिथून पुण्याला आणि पुण्याहून दिल्लीला. मग रेडिओवर कुणीतरी सांगतं की देशात एवढी जमीन ओलिताखाली आली. बाबा रेडिओकडे बोट करून म्हणायचे, "हा आकडा कोठून येते माहीत हाय का तुले? माह्या पायातल्या जोड्यातून येते. म्या वावर पाह्यलं, तवा दिल्लीले समजलं." हे बोलताना त्यांची मान जरा वर व्हायची. पुढे मी सांख्यिकीच्या कचेरीत आयुष्य काढलं, मोठमोठ्या साहेबांची भाषणं ऐकली, पण देशाची आकडेवारी कशी तयार होते हे त्यांच्याइतकं थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

फक्त, त्या वर्षी बाबांनी वावर पाहिलं नव्हतं. त्यांना दिसतच नव्हतं.

हे मला कळायला महिना लागला. आधी त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली, "तुह्यं अक्षर मोत्यावानी हाय, तूच लिव्ह" म्हणून. मी खूश झाले. घरात मला काहीतरी येतं असं कुणी म्हणायची ती पहिलीच वेळ होती. मग एकदा त्यांनी चहा बशीत ओतताना बशीच्या बाहेर ओतला. नंतर एका संध्याकाळी दाराला वाळत घातलेल्या माझ्या ओढणीला ते म्हणाले, "या, बसा न." मी हसले. ते हसले नाहीत. दाराशी जाऊन त्यांनी ओढणी हाताने चाचपली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "कोणाले सांगू नोको. तुह्या मायले तं बिलकूलच नाही." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ओळखीच्या एकाचा डोळा ऑपरेशननंतर गेला, तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. आणि दिसत नाही असं वर कळलं तर घरी बसवतील, मग भावाच्या शाळेचं काय, ही दुसरी भीती. "दोन वर्षं काढू दे मले," ते म्हणाले. तलाठ्याला दिसत नाही, हे गुपित सांभाळायला घरात एकच माणूस होतं आणि ते रसायनशास्त्रात नापास झालेलं होतं.

त्या खरिपात आम्ही पीकपाहणी घरी बसून केली. मागच्या वर्षीचं पान उघडायचं आणि या वर्षीच्या पानावर उतरवायचं. "कापसा-तुरीत बदलते काय?" असं बाबा म्हणायचे. मी वाचायचे, लिहायचे, आणि ओळ संपली की ते विचारायचे, "बरोबर?" मी मागचं-पुढचं ताडून म्हणायचे, "बरोबर." खरं सांगते, मला ते आवडायचं. दिवसभरात कुणीतरी माझ्याशी बोलायचं ते एवढंच. एका बसणीत शंभरदा "बरोबर?" आणि शंभरदा "बरोबर." आपण चुकीचं काही करतोय हे मनात आलं नाही असं नाही, पण कापसाच्या जागी कापूसच तर लिहीत होतो.

अनुसया काकू आली ती सातबारा मागायला. चाळिशीची, उंच, दातांना मिशरी लावणारी. नवरा एस.टी.त कंडक्टर होता, दूरच्या डेपोत, दोन महिन्यांतून एकदा घरी यायचा. वावर तीच पाहायची. बाबा घाटंजीला बैठकीला गेले होते, म्हणून मी तिला थांबा म्हटलं आणि सवयीने चहा टाकला. सवयीनेच तो मोरीत जाणार हेही धरून चालले होते. तिने कप उचलला, फुरका मारला आणि म्हणाली, "साखर कमी हाय व माय. का पटवाऱ्याच्या घरी साखरीचा दुष्काळ हाय?" मला इतकं बरं वाटलं की मी पाठ फिरवून डब्यातली साखर काढत बसले, गरज नसताना बराच वेळ.

मग ती यायला लागली. मागच्या दाराने, थेट चुलीपाशी. भाकरीचं पीठ कसं मळायचं ते तिने माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं. हिवाळा लागला तशी पदरात हिरव्या तुरीच्या शेंगा घेऊन यायची. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून सोलायचो, आणि त्या सोल्यांची लसूण-मिरचीचं वाटण लावून आमटी करायचो. ती बोलायची, मी ऐकायचे. बस कंडक्टरांना, बाजारातल्या तोलणाऱ्यांना, सरपंचाला, सगळ्यांना तिच्या शिव्या होत्या आणि त्या ऐकून मी लोळायचे. माझं बारावीचं तिने एकदाच विचारलं. "एकाच विषयात लटकली न? मंग बाकीचे पाच पास झाली असं काहून नाही सांगत कोणी?" हे मी अजून विसरले नाही.

तिचं दुखणं मला हळूहळू कळलं. नवरा आणि त्याचा मोठा भाऊ यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर मोठ्या भावाच्या वाट्यात गेली. पाळीपाळीने दोघांनी पाणी घ्यायचं असं तोंडी ठरलं होतं. मोठा दीर, तिकडे त्याला भासरे म्हणतात, त्याने दोन वर्षं पाळी दिली आणि मग धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, बोरीच्या काट्या रचून टाकल्या. नवरा भावाशी भांडायला तयार नव्हता. पण ज्याच्या वावरात विहीर नाही त्याला सरकार विहीर देतं, अशी योजना निघाली होती. काकूने अर्ज केला. अर्ज परत आला, कारण नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं: विहीर सामाईक, चालू, पीक पाण्याखालचं. ती ओळ त्या वर्षी कुणाच्या अक्षरात होती ते मला माहीत होतं.

"वंदना," ती म्हणाली, "माह्या वावरात इहीर कुठी हाय थे मले एकदा दाखव बाप्पा. मी तं दहा वर्सं झाले शोधून राह्यली." आणि खरंच मला वावरात घेऊन गेली. धुऱ्याच्या तिकडे भासऱ्यांची विहीर, दांड म्हणजे पाण्याचा पाट, तूर आणि गहू. धुऱ्याच्या इकडे काकूचा कोरडवाहू कापूस, गुडघ्याएवढा, आणि हाताएवढ्या भेगा. मध्ये काट्या. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिला वांगी लावायची होती, सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचा होता, घाटंजीच्या बाजारात स्वतःचं दुकान मांडायचं होतं. "मजुरीले जाणं नाही होत आता," ती म्हणाली. "एक इहीर भेटली न, तं मी नवऱ्यालेही सांगतो, नोकरी सोड अन् घरी ये." ती हे हसत बोलली, पण मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती हसत नव्हती.

त्याच सुमाराला विहिरींची गणना आली. काही वर्षांनी एकदा येते ती. देशभरातल्या विहिरी मोजायच्या. प्रत्येक विहिरीचा वेगळा फॉर्म, त्यात खोली, इंजिन की मोटर, दिवसाला किती तास चालते, किती जागा भिजते. बाबांनी सांगितलं की नोंदवहीत जिथे जिथे विहीर असेल तिथला फॉर्म भर. मी भरत गेले आणि अडखळले, कारण भासऱ्यांच्या विहिरीचा एक फॉर्म झाला आणि तीच विहीर काकूच्या नावावर पुन्हा आली. विहीर एक, फॉर्म दोन. आम्ही असं करत होतो म्हणजे किती गावांत असंच चाललं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. पुढे कचेरीत रोज यायचं.

मी बाबांच्या मागे लागले. एकदा जाऊन पाहा, मी तुमच्याबरोबर असते, मी सांगते. त्यांनी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला की मंडळ अधिकारी, म्हणजे तिकडच्या भाषेत आर.आय. साहेब, काही फॉर्म जागेवर तपासायला येणार आहेत आणि काकूचा अर्ज परत आलेला असल्याने तिचं वावरही पाहणार आहेत. आता जाणं भागच होतं. काकूला सांगायला मी धावत गेले. ती खूश झाली, आणि मग तिचा चेहरा उतरला. भासऱ्यासमोर भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, बोलत नाही, अशी रीत होती. डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं, आवाज काढायचा नाही. सरपंचाला शिव्या देणारी बाई या एका माणसासमोर वीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. "माह्यं तोंड नाही उघडणार तेथी," ती म्हणाली. "तू बोलजो. तू पाह्यलं हाय न? तेवढंच सांगजो." मी म्हटलं, "सांगतो न काकू." तिने माझी हनुवटी धरली, बोटं मिशरीची होती, आणि मला तेही आवडलं.

सकाळी थंडी होती. आर.आय. साहेब मोटारसायकलवर आले, नवा स्वेटर घालून. टेबलावरची वही चाळून म्हणाले, "पटवारी, तुमचं अक्षर लय सुधरलं हो यंदा." बाबा हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "पोरीले सोबत नेता का सगळीकडे?" "दप्तर धराले," बाबा म्हणाले. मी दप्तर उचललं. वाटेने बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. पाहणाऱ्याला वाटलं असेल, बापाची काय माया आहे. ढेकूळ आलं की मी खांदा किंचित उचलायचे, खड्डा आला की पाडायचे. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, आपोआप जमलं होतं.

भासऱ्यांनी विहिरीवर चहा मांडला होता आणि इंजिन सुरू करून ठेवलं होतं. दांड भरून वाहत होता. आर.आय. साहेब विहिरीच्या काठावर टेकले, कप घेतला आणि म्हणाले, "जा पटवारी, पाहून या. तुम्ही म्हणाल थे मी लिवतो." विहीर आणि धुरा यांच्या मध्ये तूर डोक्याएवढी उंच होती, त्यांना बसल्या जागेवरून पलीकडचं दिसत नव्हतं, आवाज मात्र येत होता. बाबा, मी आणि भासरे दांडाच्या कडेने गेलो. मागे दहा पावलांवर काकू, डोक्यावर पदर कपाळापर्यंत ओढलेला. धुऱ्याशी येऊन आम्ही थांबलो. बाबांचं तोंड बरोबर काट्यांकडे होतं. दोन हातांवर. ते वाकले, पाण्याचा आवाज कुठून येतो ते कानाने हेरलं आणि दांडात बोटं बुडवली. मग उभे राहिले. "पाणी हाय," ते म्हणाले.

"हाय न जी," भासरे म्हणाले. "दोघायच्याबी कामी येते."

काकूने पदराच्या आडून माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार होते. वाक्य तयार होतं, रात्रभर घोकलेलं. इतक्यात तुरीपलीकडून साहेबांची हाक आली, "काय पटवारी, दिसते का बरोबर?" आणि त्यांच्या आवाजात ते सकाळचं न हसणं होतं. मला वाटलं, मी आता तोंड उघडलं आणि बाबांना धुरा दिसला नाही हे निघालं, की साहेब तुरीतून येतील, काट्या पाहतील, बाबांकडे पाहतील, आणि सगळं संपेल. भावाची शाळा संपेल, आई काय म्हणेल, आणि हे सगळं नापास पोरीने केलेलं असेल. बाबा मोठ्याने म्हणाले, "दिसते न जी! सामाईक इहीर, चालू, पाणी पोचते." मग मान माझ्याकडे वळवून, हळू, घरी विचारायचे तसंच: "बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

आणि लिहिलं. फॉर्मवर काकूचीही सही लागायची. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली होती. तिने पदर न सारता वाकून सही केली, माझ्याच पेनाने, आणि पेन माझ्या हातात न देता दप्तरावर ठेवलं.

परतताना बाबांनी विचारलं, "थे बाई काही बोलली नाही?" मी म्हटलं, भासरे होते न. "हो," ते म्हणाले, "पण पाणी होतंच न. म्या हात लावला." त्यांना खरंच वाटत होतं की आपण आज खूप दिवसांनी वावरात जाऊन पाहणी केली. त्या दिवशी जेवताना ते रेडिओला काय काय सांगत होते. मी माझं ताट मोरीत रिकामं केलं.

काकू पुन्हा आली नाही. आधी वाटलं दोन दिवसांनी येईल, मग आठवड्याने. मी उंबऱ्यावर एकटी शेंगा सोलायचे, बाजारातून आणलेल्या, आणि आमटी खारट करायचे. एकदा तिच्या घरापर्यंत गेले आणि अंगणातूनच परत फिरले. भाकरी मात्र आता छान फुगायची. ती बाबांना आवडायची आणि प्रत्येक भाकरीमागे मला तिचा हात आठवायचा. पुढच्या खोलीत माणसं येत होती, मागच्या खोलीत मी पुन्हा रसायनशास्त्र वाचत होते, आणि आता दूरचं इंजिन लागलं की पुस्तक कानावर ठेवायचे. इतकं एकटं मला नंतर कधीच वाटलं नाही. नवरा गेला तेव्हाही नाही. तेव्हा निदान चार माणसांना सांगता येत होतं की मला काय झालंय.

आता शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून पाठवतात. माझा भाचा मारेगावकडचा, त्याने मला त्याच्या वावराचा फोटो दाखवला, त्यात म्हणे जागा आपोआप उमटते. मी म्हटलं छान आहे. आणि मग त्याने सवयीने 'मागील वर्षीप्रमाणे'च्या भरवशावर विहीरही नोंदवून टाकली, जी गेल्या उन्हाळ्यात ढासळली. नोकरीला लागल्यावर कचेरीत त्या गणनेचं छापील पुस्तक हाती आलं तेव्हा मी जिल्ह्याचं पान काढून बेरजेवर बोट ठेवलं होतं. त्या बेरजेत एक विहीर माझी आहे, जी कुठेच नाही. शेजारचे कारकून विचारत होते, चूक सापडली का? मी म्हटलं, नाही, बेरीज जुळते. बाबांचं ऑपरेशन निवृत्तीनंतर झालं आणि अखेरपर्यंत त्यांना स्वच्छ दिसलं. धुऱ्यावर काट्या होत्या हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगणार होते, पण ते रोज सकाळी पेपर वाचताना इतके खूश असायचे.

मार्चमध्ये मी पास झाले. जूनमध्ये कॉलेजसाठी यवतमाळला निघाले. थांब्यावर सकाळच्या एस.टी.साठी उभी होते, पायाशी ट्रंक. काकू आली, हातात रिकामी टोपली, घाटंजीच्या बाजाराला निघालेली. पाठ फिरवावी का असं मला झालं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पास झाली म्हणते. चांगलं झालं."

मी धीर करून म्हटलं, "काकू, बाबांनी कोणाच्या सांगण्यावरून नाही लिव्हलं. तुमाले वाटत असन..."

"मले काहून वाटन?" तिने मला मध्येच तोडलं. "तुह्या बापाले दिसत नाही, हे मले दिवाळीपासून ठावं हाय. सातबारा उलटा धरून वाचून राह्यलते माह्यासमोर." ती रस्त्याकडे पाहत होती. "म्या कोणाले सांगतलं नाही. त्या दिवशी आर.आय.ले एकटं गाठून सांगतलं असतं, तं मले इहीर भेटली असती. पण तुह्या घरचं पाह्यलं म्या. भावाची शाळा पाह्यली."

ती पुढे म्हणाली, आवाज न चढवता, "त्यायच्यावर राग नाही माहा. मी तं तुह्याकडे पाह्यत होती. तू नुस्तं म्हनली असती, बाबा, दांड धुऱ्याच्या तिकडचा हाय. लेक बापाले सांगतच असते. त्यात कोणाले काय समजलं असतं, वंदना?"

इतक्या महिन्यांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. एवढं साधं वाक्य.

एस.टी. आली. काकू आधी चढली, खिडकीशी बसली आणि टोपली मांडीवर घेऊन सरकली, मला जागा व्हावी म्हणून. मी बसले. घाटंजी येईपर्यंत आम्ही दोघी एकाच बाकावर होतो, आणि मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.